आमचा फोन ढगात जातो

माणसाने आयुष्यात हवे ते व्हावे. कवी व्हावे, नगरसेवक व्हावे, अगदीच काही जमले नाही तर माझ्यासारखे बी. कॉम. होऊन बँकेत कारकून व्हावे. पण गृहनिर्माण सोसायटीच्या उपसमितीचा सभासद होऊ नये. समितीवर निवडून यावे लागते, म्हणजे निदान आपली इच्छा तरी असते. उपसमितीत माणूस सापडतो. सर्वसाधारण सभेत चहा आणायला म्हणून मागच्या बाजूला गेलेला माणूस कप घेऊन परत येईपर्यंत उपसमितीचा निमंत्रक झालेला असतो.

मानखुर्दच्या आमच्या सोसायटीत तीन विंग, ७२ बिऱ्हाडे आणि एक इंटरकॉम. म्हणजे होता. गेटवरच्या केबिनमध्ये एक करड्या रंगाची पेटी होती. तिच्यातून तारा निघून घरोघरी जात आणि ९ फिरवला की वॉचमन बोले. गेल्या पावसाळ्यात बी विंगच्या तारा घुशींनी खाल्ल्या, आणि उरलेल्या दोन विंगांच्या दुःखात सहभागी होऊन पेटीनेही डोळे मिटले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडले, आत पाहिले आणि आपल्याकडे डॉक्टर मंडळी नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाला, "याचे पार्ट आता येत नाहीत."

इथून हाकेच्या अंतरावर तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. म्हणजे अणू फोडणाऱ्यांचा शेजार आम्हाला कित्येक वर्षांचा. पण ए विंगमधून बी विंगमध्ये "कोथिंबीर आहे का हो?" एवढे विचारायची सोय मात्र उरली नव्हती.

सभेत कोणीतरी 'व्हीओआयपी' हा शब्द उच्चारला. मग दुसऱ्या कोणीतरी 'क्लाउड' म्हटले. तेवढ्यात मी चहा घेऊन आलो.

"हे आपले बँकेतले. दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतात," सेक्रेटरी म्हणाले.

दिवसभर तर आमचा शिपाईही कॉम्प्युटरसमोर असतो, तो पुसायला. पण टाळ्या पडल्या होत्या.

फोनविषयी मला आदर आहे, तो वारशाने आलेला. मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाले. ते आमच्या घरापर्यंत पोचायला एक शतक लागले. वडिलांनी फोनसाठी नाव नोंदवले तेव्हा मी बालवाडीत होतो. फोन आला तेव्हा मला मिसरूड फुटले होते. मधल्या काळात आमचा 'पी.पी.' नंबर होता, म्हणजे शेजाऱ्यांचा. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारत, आणि आपण बोलत असताना काकू भाजी निवडत शेजारीच बसत. गावाकडची बातमी आम्हाला आणि त्यांना एकाच वेळी कळे. तेव्हा कंपनी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. सरकार देईल तो फोन, देईल तेव्हा. आज तशी आपदा नाही. आज निवड आहे, आणि निवडीइतका मनस्ताप त्या रांगेतही नव्हता.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. जुन्या फोनमध्ये बोलणे तारेतून सरळ जायचे. नव्या पद्धतीत आवाजाचे तुकडे करतात. एका सेकंदाचे ५० तुकडे, म्हणजे एकेक तुकडा २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकडा पाकिटात घालतात, त्यावर पत्ता लिहितात आणि इंटरनेटवर सोडून देतात. पलीकडे ही पाकिटे क्रमाने लावून त्यांचा पुन्हा आवाज करतात. "अहो, ऐकलंत का?" एवढ्याला साधारण पन्नास पाकिटे लागतात. साध्या पद्धतीत एका पाकिटात आवाजाचे १६० बाइट असतात आणि पत्त्याबित्त्याचे ४०. पण जागा वाचवणारी एक पद्धत आहे, तिच्यात आवाज पिळून पिळून २० बाइटचा करतात आणि वरचे पाकीट मात्र ४० बाइटचेच राहते. मजकुरापेक्षा पाकीट मोठे! मी सरकारी पत्रव्यवहार जन्मभर पाहत आलो आहे, त्यामुळे ही पद्धत मला लगेच समजली.

आता ही पाकिटे गोळा करून वाटणारा एक पोस्टमास्तर लागतो. तो म्हणजे सर्व्हर. त्यासाठी फुकट मिळणारी एक प्रणाली आहे, तिचे नाव 'अ‍ॅस्टेरिस्क', म्हणजे तारा, फुली, चांदणी, काय म्हणाल ते. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९९ साली ती लिहिली. त्याने एक छोटा धंदा काढला होता, त्याला टेलिफोनची पेटी हवी होती आणि तिची किंमत परवडत नव्हती, म्हणून त्याने पेटीच लिहून काढली. या मुलाविषयी मला फार आपुलकी वाटली. अडचण एवढीच की बँकेत चांदणी दिसली की आम्ही आधी खाली पाहतो. तिथे बारीक अक्षरात 'अटी लागू' असे असते.

हा पोस्टमास्तर बसवायचा कुठे? ढगात. क्लाउड म्हणजे काय हे मी अध्यक्षांना समजावले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या विजेवर चालणारा दुसऱ्याचा कॉम्प्युटर, आपल्याला भाड्याने.

"पावसाळ्यात ठीक आहे हो," अध्यक्ष म्हणाले, "पण मे महिन्यात ढग कुठे असतात?"

ढग कुठे असतात हे मात्र खरोखर विचारण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपले ढग आपल्याकडे आणले, ते मुंबईत, पुण्यात आणि चेन्नईतही. मानखुर्दच्या पुढचे स्टेशन वाशी. मधली खाडी ओलांडली की नव्या मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे या बाजूला मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. आत माणसे कमी, यंत्रे फार, आणि थंडी महाबळेश्वरची. देशाचे अर्धेअधिक ढग आभाळात नसून हार्बर लाइनच्या पलीकडे आहेत असे म्हटले तर ते थोडे जास्त होईल, पण फार जास्त होणार नाही.

आमच्याकडे अनेक कोटेशने आली. त्यातले एक सगळ्यात स्वस्त होते, कारण त्यांचा सर्व्हर अमेरिकेत होता, व्हर्जिनिया प्रांतात. खजिनदारांचे डोळे चमकले. आमचे खजिनदार म्हणजे सोसायटीच्या पैशाने टाचणी घ्यायची तरी तीन दुकाने हिंडणारा माणूस.

"महिन्याला दोनशे रुपये वाचतात. फोन कुठून का जाईना!"

मी म्हटले, एकदा बोलून पाहू. कंपनीने चाचणीसाठी पंधरवडा दिला होता. खजिनदार ए विंगमध्ये, आणि बी विंगमध्ये आमचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. एकमेकांना दिसतात. आता खजिनदारांचा "हॅलो" मानखुर्दहून निघाला, समुद्राखालच्या काचेच्या तारांतून अमेरिकेला गेला, तिथे वळला, आणि तेवढाच प्रवास करून समोरच्या खिडकीत आला. प्रकाश झाला तरी काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. येऊन-जाऊन एक पंचमांश सेकंद गेला. एक पंचमांश सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना सांगते की एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की संभाषणात खोट येऊ लागते. ती खोट आम्ही डोळ्यांनी पाहिली.

"हॅलो," खजिनदार म्हणाले. उत्तर नाही, म्हणून पुन्हा "हॅलो" म्हणाले. तेवढ्यात काकांचा "हॅलो" आला. दोघेही थांबले. मग दोघेही एकदम म्हणाले, "बोला." पुन्हा थांबले. "नाही, तुम्ही बोला." "नाही नाही, आधी तुम्ही." लखनौच्या दोन नबाबांची गाडी अशाच रीतीने चुकली होती म्हणतात. शेवटी काकांनी रिसीव्हर ठेवला, खिडकी उघडली आणि रेल्वेच्या आवाजात ओरडले, "अहो, फोन नीट चालतोय, पण बोलता येत नाही!"

अमेरिका बाद झाली. खजिनदार आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीही तार नको म्हणून असेल.

दुसरी चाचणी खाडीपलीकडच्या ढगाची. उशीर जवळजवळ नाही. पण तिथे वेगळाच प्रकार झाला. काकांना काकूंचे बोलणे ऐकू येई. काकांचे काकूंना ऐकू जात नसे. मी तक्रार नोंदवायला वही काढली, तर काका म्हणाले, "राहू द्या. लग्न झाल्यापासून आमची लाइन अशीच आहे."

हा या धंद्यातला अगदी नेहमीचा आजार आहे म्हणे. घरातल्या फोनला घरापुरता एक पत्ता असतो, आणि बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा. फोन भोळेपणाने पाकिटावर घरातलाच पत्ता लिहितो. म्हणजे तुम्ही पत्र पाठवलेत आणि खाली पत्ता दिलात 'बी-२०४', बस्स. सोसायटी नाही, मानखुर्द नाही, पिनकोड नाही. उत्तर येणार कुठे? राउटरमध्ये काहीतरी फिरवल्यावर ते सुटले. काकूंना काकांचे ऐकू येऊ लागले. त्यानंतर काकांनी माझ्याकडे पूर्वीच्या जिव्हाळ्याने पाहिलेले नाही.

ढग म्हणजे पोस्टमास्तर झाला. पण बाहेरच्या जगाशी बोलायला नंबर लागतो, आणि तो देणारी कंपनी वेगळी. इंटरनेटवरून बोलायला आपल्याकडे सरकारने परवानगी दिली ती २००२ साली, तारीख १ एप्रिल, आणि तीही हात आखडून. आजही बाहेरचा फोन साध्या फोनला जोडायचा तर परवानाधारक कंपनीमार्फतच जोडावा लागतो. कोपऱ्यात पेटी ठेवून परदेशचे कॉल गुपचूप आपल्याकडे उतरवणाऱ्यांवर पोलीस छापे घालतात. सोसायटीचा जुना नंबर गेटवर हाताएवढ्या अक्षरांत रंगवलेला होता. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याजवळ राहतो, हे २०११ पासून देशभर चालू आहे. लँडलाइनच्या नशिबी ते नाही. म्हणजे नंबर नवा, लेटरहेड नवे आणि पेंटर आलाच. खजिनदारांनी पेंटरचे नाव ऐकून पाणी मागितले.

नंबरासाठी कागदपत्रांची यादी आली: सोसायटीचा नोंदणी दाखला, पॅन, ठरावाची प्रत, अध्यक्षांचा फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि शिवाय एक माणूस प्रत्यक्ष येऊन इमारत जागेवर आहे की नाही ते पाहणार. मला विलक्षण आनंद झाला. गेली बावीस वर्षे मी काउंटरच्या आत बसून लोकांना "ही झेरॉक्स चालणार नाही, सही जुळत नाही" असे सांगत आलो आहे. अध्यक्षांचा फोटो परत आला, 'कान दिसत नाहीत' असा शेरा मारून. कामाची ही जात मला ओळखीची होती. पलीकडेही आपलाच कोणी भाऊ बसला आहे या भावनेने मी दुसरा फोटो पाठवला.

चाचणीच्या चौथ्या दिवशी मी यंत्राची नोंदवही उघडली, आणि माझ्यातला बँकवाला ताडकन उठून बसला. एका रात्रीत जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून हजारो वेळा कोणीतरी दार ठोठावून गेले होते. १०१ नंबरचा पासवर्ड १०१ आहे का? १२३४ आहे का? असा अंदाज एकदा लागला की हे लोक रात्रभर तुमच्या खात्यावर भलत्या देशांचे महागडे नंबर फिरवतात आणि सकाळी बिल तुम्ही भरता. मी समितीपुढे हे सांगितले तर अध्यक्ष म्हणाले, "एवढे लोक संपर्क करतायत तर कळवा ना त्यांना, आमचा निर्णय झालेला नाही म्हणून." मी परदेशी कॉल बंद ठेवले आणि प्रत्येक घराला सोळा अक्षरांचा पासवर्ड दिला. तो कोणाच्याच लक्षात राहत नाही, हीच त्याची सुरक्षितता.

हे सारे चालले असताना बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सभेला आल्या. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. एकट्या राहतात. मुलगा न्यू जर्सीला. त्याने पाठवलेला मोबाइल त्या बंद करून कपाटात ठेवतात, बॅटरी उगाच जळायला नको म्हणून. इंटरकॉम बंद पडल्यापासून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत पितळेची घंटा टांगली होती. काही लागले की वाजवायची. वॉचमनला ती दोनदा ऐकू आली, एकदा नाही. त्या एकदा त्यांना चक्कर आली होती आणि त्या बेसिनपाशी तासभर बसून होत्या. ही गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. त्यांच्या कामवाल्या बाईंनी आमच्या हिला सांगितली.

एका कंपनीचा टाय लावलेला मुलगा भिंतीवर चित्रे दाखवत होता. चाळीस चित्रे. सगळे ढगात, पेटी नको, देखभाल नको, अ‍ॅप घेतले की मोबाइल हाच इंटरकॉम.

आजींनी हात वर केला. "लाइट गेल्यावर लागतो का रे, बाळा?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "मॅडम, आमचा अपटाइम ९९.९५ टक्के आहे."

टक्केवारी ऐकली की कॉमर्सच्या माणसाचा हात आपोआप कागदाकडे जातो. वर्षाचे तास ८७६०. त्यांचे ०.०५ टक्के म्हणजे चार तास आणि वर बावीस-तेवीस मिनिटे. एवढा वेळ कंपनीचा ढग बंद राहिला तरी ती आपल्या शब्दाला जागली असा हिशेब. आणि हे नुसत्या ढगाचे. ढग शाबूत आहे, पण जिन्यातली वीज गेली, राउटर मेला, रस्ता खणणाऱ्याने तार तोडली, तर तो ज्याच्या त्याच्या प्रारब्धाचा भाग. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून तारेवाटेच ४८ व्होल्ट वीज यायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन जिवंत असे. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आणि २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. चार तास कुठले ते निवडायचा अधिकार आपल्याला नसतो.

"आणि चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर?" मी विचारले.

"तर सर, पुढच्या बिलात दहा टक्के सूट मिळते."

आजी म्हणाल्या, "म्हणजे मी पडले तर दहा टक्के."

कोणी हसले नाही. खजिनदारसुद्धा.

त्या रात्री मी कागदावर रेघ मारून दोन रकाने केले. घरातले बोलणे आणि बाहेरचे बोलणे. बाहेरचे जाऊ दे ढगात. कुरिअरवाला, नळवाला, न्यू जर्सी, यांना थोडी कळ काढता येईल. पण बी विंग ते गेट हे अंतर पन्नास पावलांचे आहे. त्यासाठी खाडी ओलांडायचे कारण नाही. मार्क स्पेन्सरचा तारा वहीएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवरही चालतो. तो केबिनमध्ये ठेवायचा, खाली चार तासांची बॅटरी, आणि ज्या घरांत वयस्कर माणसे एकटी आहेत तिथे घुशींना पुरून उरेल अशा नळीतून साधी तांब्याची तार. तिच्यातून केबिनमधलीच वीज जाईल. फोन जुनाच, बटणे मोठी, प्लग नाही. टाय लावलेल्या मुलाला हे मागासलेले वाटले. वाटू दे. आम्हा बँकवाल्यांना लॉकरच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायची सवय असते.

राहिला कंपनीचा प्रश्न. कागदावर तिन्ही सारख्याच. दर सारखे, १८ टक्के जीएसटी सारखा, हसऱ्या मुलीचा फोटोही मला वाटते एकच. मी गच्चीवर गेलो, रात्री नऊ वाजता, आणि तिन्ही ठिकाणी फोन लावला. फोन विकणारा माणूस फोन उचलतो का, एवढेच पाहायचे होते. पहिल्याने मला सतरा मिनिटे सतार ऐकवली आणि माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते तीन भाषांत सांगितले. दुसऱ्याने एक दाबा, दोन दाबा करत मला पुन्हा एकवरच आणून सोडले. आमच्याच बँकेत आलो की काय असे क्षणभर वाटले. तिसरा घाटकोपरचा एक मुलगा, एका परवानाधारक कंपनीची कामे घेणारा. दुसऱ्या रिंगला उचलला. मागे गाडीचा खडखडाट.

"बोला दादा."

"रात्री सोसायटीचा फोन बंद पडला तर काय करायचं?"

"मला करायचा. आत्ता कुर्ला येतंय, तेवढं उतरू द्या, मग सविस्तर बोलतो."

आणि उतरून त्याने खरोखरच फोन केला. इतक्या कमी पुराव्यावर मी आजवर कोणालाही ओव्हरड्राफ्ट दिलेला नाही, पण ठराव मांडला. खजिनदारांनी अनुमोदन दिले. पेंटरचे पैसे वर्गणीतून काढायचे, या अटीवर.

फोन लागून दोन महिने झाले. मधे एका संध्याकाळी वीज गेली, पाऊस मुसळधार, आणि ढग (आपला, खाडीपलीकडचा) दिसेनासा झाला. मी छत्री घेऊन केबिनमध्ये गेलो. बॅटरीचा हिरवा दिवा चालू होता. तेवढ्यात फोन वाजला. वॉचमनने झडप घालून उचलला.

"बोला आजी! काय झालं?"

पलीकडून आजींचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "काही नाही रे. लागतो का ते बघत होते. लागला. ठेव."

तेव्हापासून त्या रोज रात्री नऊला तेच करतात. वॉचमनने त्याच्या वहीत वेगळा रकाना आखला आहे. महिनाअखेरीला खजिनदारांनी यंत्राची यादी तपासली, बी-२०१ वरून गेटला एकतीस कॉल पाहून चष्मा पुसला, अंतर्गत कॉल फुकट आहेत ना याची माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली, आणि यादीवर बारीक अक्षरात 'तपासले, योग्य' असे लिहून सही केली.